रेकॉर्डबाईंनी मशीनला कुलूप लावलं

रुग्णालयाच्या तळघरात, क्ष-किरण विभागाच्या पुढे, जिथे ट्यूबलाइट कायम फडफडत असते, तिथलं शेवटचं दार रेकॉर्डबाईंचं. त्यांना स्वतःचं नाव आहे आणि ते पगारपत्रकावर छापूनही येतं, पण सत्तावीस वर्षांत त्या नावाने त्यांना कोणी हाक मारल्याचं ऐकिवात नाही. डॉक्टर आले नि गेले, अधीक्षक बदलले, आजारांच्यासुद्धा फॅशनी बदलल्या. बाई होत्या तिथेच. कोणाचा गुडघा कुठल्या कपाटात आणि कोणाचं मूत्रपिंड कितव्या खणात, हे त्यांना स्वतःच्या लेकीच्या जन्मतारखेपेक्षा पक्कं ठाऊक. जन्मतारखेबद्दल त्यांची एकदा चूकही झालेली आहे. गुडघ्याबद्दल कधीच नाही.

बाईंचा एकच नियम होता: अर्जाशिवाय कागद नाही. मुख्य सर्जन स्वतः जिना उतरून आले तरी बाई मान वर न करता म्हणत, "अर्ज." शनिवारी काम संपलं की मग कुलपांचा कार्यक्रम. एकोणीस कपाटांना एकोणीस कुलपं, त्यांच्या किल्ल्या भिंतीतल्या पेटीत, पेटीला कुलूप, आणि त्या कुलपाची किल्ली बाईंच्या गळ्यात. शेवटी प्रत्येक कुलूप दोनदा ओढून बघायचं. कुलपांनी आजवर एकदाही दगा दिला नव्हता. पण माणसाने विश्वास कशावर ठेवावा यालाही काही मर्यादा असते.

सहा वर्षांपूर्वी हे सगळं रेकॉर्ड एका मोठ्या काळ्या मशीनवर चढवलं गेलं. या मशीनला सर्व्हर म्हणत, आणि वरच्या मजल्यांवरचे सगळे संगणक माहिती मागायला त्याच्याकडेच येत. त्याची देखभाल करायला एक गृहस्थ नेमले होते. त्यांच्या कानांवर अष्टौप्रहर हेडफोन, म्हणून त्यांचं नावच हेडफोन पडलं. काही विचारायचं तर आधी खांद्यावर टिचकी मारावी लागे, आणि उत्तर मिळे, "बंद करून चालू करा." या एका वाक्याच्या बळावर त्यांनी सहा वर्षं नोकरी केली आणि एक दिवस याहून चांगल्या नोकरीवर निघून गेले. मागे बाईंच्या टेबलावर पासवर्डची चिठ्ठी, एक पेनड्राइव्ह आणि अर्धा कप गार चहा एवढा वारसा ठेवला.

आठवड्याभरात अधीक्षकांनी बाईंना वर बोलावलं.

"बसा, बाई."

अधीक्षक बसा म्हणाले, की बातमी उभ्याने ऐकण्यासारखी नाही हे रुग्णालयात सगळ्यांना माहीत होतं. बाई बसल्या.

"एक बाहेरची कंपनी तयार आहे. सगळं रेकॉर्ड ते त्यांच्याकडे नेतील, तेच सांभाळतील. आपली कटकट मिटली."

"आणि तळघर?"

"रिकामं. जुन्या खाटा ठेवू."

"आणि मी?"

"तुमचं काय, तुम्ही आमच्याच. धुलाई विभागात चादरी मोजायला विश्वासू माणूस हवंच आहे."

बाईंच्या डोळ्यांसमोर चादरी उभ्या राहिल्या. चादरींना नाव नसतं, आजार नसतो, इतिहास नसतो. निवृत्तीला पाच वर्षं राहिलेली, आणि ती पाच वर्षं पांढरं कापड मोजण्यात घालवायची.

"मशीन मी शिकले तर?"

"तुम्ही?" अधीक्षक म्हणाले. त्या एका शब्दात त्यांनी बाईंचं वय, चष्म्याचा नंबर आणि शिक्षण असं सगळं बसवलं. मग मोठ्या मनाने म्हणाले, "ठीक. तीन महिने. पुढच्या तिमाहीच्या पहिल्या सोमवारी कंपनीचा माणूस येईल. त्याच्यासमोर चालवून दाखवा. जमलं तर तळघर तुमचं."

बाईंची लेक दुसऱ्या शहरात संगणकाच्याच कंपनीत होती. दर रविवारी सकाळी ती फोनवरून शिकवू लागली. घरी तिचा जुना लॅपटॉप होता, त्यावर तिने सर्व्हरसारखीच प्रणाली बसवून दिली. चित्रं नाहीत, बटणं नाहीत. काळा पडदा, आणि जे हवं ते कमांड टाइप करून मागायचं.

"आई, समोर काय दिसतंय?"

"काळं."

"काळ्यावर काय?"

"एक रेघ. लुकलुकतेय."

"मग लिही ना काहीतरी."

"तिने काही विचारलेलं नाही अजून. न विचारता काय बोलायचं?"

पलीकडून लेकीने सोडलेला सुस्कारा बाईंच्या ओळखीचा होता. लहानपणी लेकीचा सत्तावीसचा पाढा अडला की बाई स्वतः तो सोडत असत. आता व्याजासकट परत येत होता.

बाईंच्या यजमानांनी बत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला होता आणि निवृत्त झाल्यापासून त्यांना शिकवायला कोणी उरलं नव्हतं. ते शेजारी खुर्ची ओढून बसत.

"फोल्डरात फोल्डर, त्यात फोल्डर, हे नदीच्या खोऱ्यासारखं आहे बघ," ते सांगत. "उपनद्या, मग मुख्य नदी."

"बाबा, ते झाडासारखं आहे. उलटं झाड. मूळ वर, फांद्या खाली."

"उलटं झाड कुठल्या प्रदेशात आढळतं?"

"अहो, तुम्ही जरा आत बसता का?" बाई म्हणत. यजमान आत बसत आणि आतून सूचना देत.

हळूहळू बाईंना त्या काळ्या पडद्याचा स्वभाव कळत गेला. काम झालं की तो अवाक्षर काढत नसे. बिघडलं तरच बोले. बाईंना आधी वाटायचं, आपली कमांड त्याने ऐकलीच नाही, म्हणून त्या तीच तीनदा देत. मग लेकीने समजावलं, "तो गप्प बसला म्हणजे काम झालं." बाई थक्क झाल्या. उभ्या नोकरीत असा कर्मचारी त्यांनी पाहिला नव्हता. त्यांच्या ओळखीचे सगळे नेमके उलटे होते.

मदतीची पानंही पडद्यावरच मागवता येत. ती ज्याने लिहिली त्याची अशी समजूत असावी, की वाचणाऱ्याला हे सगळं आधीच येतं आणि तो केवळ शहानिशा करायला आला आहे. बाईंना ती आवडली. सरकारी परिपत्रकं याच शैलीत असतात, आणि ती पचवायची त्यांना सवय होती.

पाचव्या रविवारी पुसून टाकायच्या कमांडने आपला इंगा दाखवला. बाईंना लॅपटॉपवरच्या काही फालतू फाइली पुसायच्या होत्या. चांदणीचं चिन्ह दिलं की त्याचा अर्थ "सगळ्या". बाईंकडून चांदणीपुढे बोटभर मोकळी जागा पडली आणि मशीनने फालतूचा भाग बाजूला ठेवून "सगळ्या" एवढंच मनावर घेतलं. विचारलं नाही, सवरलं नाही. यजमानांच्या निरोप समारंभाचे तीनशे बारा फोटो गेले. त्यांतल्या दोनशे नव्वद फोटोंत यजमान भाषण करत होते.

"परत आण," यजमान म्हणाले.

"परत येत नाहीत म्हणे."

यजमान चार दिवस बोलले नाहीत. घरात इतकी शांतता बाईंनी लग्नापासून अनुभवली नव्हती, तरी पाचव्या दिवशी त्यांना चुकल्यासारखं वाटलं. त्या आठवड्यापासून त्यांनी एक नेम केला: सर्व्हरवरच्या सगळ्या रेकॉर्डची रोज एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढायची, डिस्का तीन ठेवायच्या आणि आळीपाळीने वापरायच्या. हेडफोनच्या काळात अशी प्रत काढली जाते का, हे हेडफोननाही माहीत नव्हतं.

सर्व्हरवर काम करायला त्यांनी स्वतःच्या नावाने खातं वापरलं. चिठ्ठीवरचा पासवर्ड 'रूट' नावाच्या खात्याचा होता, आणि रूट म्हणजे त्या मशीनचा सर्वाधिकारी. पण दुसऱ्याच्या नावाने सही करणं बाईंच्या तत्त्वात बसत नव्हतं. साहजिकच एकदा अधिकारापलीकडचं काम सांगितल्यावर मशीनने ठणकावलं, की तुमचं नाव अधिकाऱ्यांच्या यादीत नाही आणि या घटनेचा अहवाल पाठवला जाईल.

अहवाल म्हटला की तो कुठेतरी जातो, आणि कुठेतरी म्हणजे अधीक्षकांकडेच. तो पोचायच्या आत आपली बाजू पोचलेली बरी. त्यांनी दोन पानी खुलासा लिहिला, "सदर घटना अनवधानाने घडली असून" पासून "क्षमस्व" पर्यंत, आणि वर पाठवला. अधीक्षकांना घटनेचा पत्ता नव्हता. परंतु खुलासा आलाय म्हणजे घटना असणारच, म्हणून त्यांनी चौकशी लावली. चौकशी अधिकारी म्हणून औषध भांडाराचा प्रमुख नेमला गेला. त्याने तळघरात येऊन विचारलं, "बाई, नक्की केलंत काय?"

"मशीनला एक काम सांगितलं."

"त्याने केलं?"

"नाही केलं."

"मग चौकशी कशाची?"

"ते मशीनला विचारा."

त्याने मशीनकडे पाहिलं, तपास चालू असल्याचं लिहिलं आणि वर जाऊन चहा प्यायला.

लेकीला हे कळलं तेव्हा तिने कपाळाला हात लावला. "आई, ती तक्रार रूटच्याच पेटीत जाते. आणि आता रूट तूच आहेस. त्या चिठ्ठीवरच्या पासवर्डने आत जा."

बाई गेल्या. पेटीत त्या पहिल्या घटनेपासून आजवरच्या, त्यांच्याविरुद्ध एक्केचाळीस तक्रारी होत्या. स्वतःविरुद्धची तक्रार स्वतःच्याच हाताने निकालात काढायची संधी फार वरच्या हुद्द्यावरच्यांनाच मिळते. बाईंनी मात्र सगळ्या तक्रारी नीट वाचल्या, चूक कोणाची ते ठरवलं, आणि एक्केचाळीसच्या एक्केचाळीस वेळा ती आपलीच आहे या निष्कर्षाला आल्या.

मग परवानग्यांचा धडा आला, आणि बाईंना घबाड सापडलं. प्रत्येक फाइलीला मालक, मालकाचा गट आणि बाकीचं जग असे तीन प्रकारचे लोक, आणि वाचणं, लिहिणं, चालवणं यांची परवानगी ज्याची त्याला वेगळी. बाईंचा जीव हरखला.

"सत्तावीस वर्षं मी दुसरं काय सांगतेय?" त्या लेकीला म्हणाल्या.

सर्व्हरवर पाहतात तर हेडफोननी सगळ्यांना सगळं मोकळं सोडलेलं. उपाहारगृहाच्या संगणकावरून कोणाचंही मूत्रपिंड उघडता आलं असतं. बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला.

परीक्षेच्या आधीचा शनिवार. संध्याकाळी पाचला बाईंनी त्या दिवशीची प्रत काढली, डिस्क कपाटात ठेवली, एकोणीस कुलपं लावली, ओढून पाहिली. मग त्यांची नजर उघड्या बोडक्या मशीनवर गेली. एकोणीस कपाटं बंद आणि विसावं सताड उघडं, हे कसं चालेल? त्यांनी रूट म्हणून आत जाऊन कमांड लिहिली: सगळ्यात वरच्या फोल्डरपासून तळापर्यंत, आतल्या प्रत्येक फाइलीवर, प्रत्येकाची प्रत्येक परवानगी बंद. सोमवारी लवकर येऊन ज्याची त्याला उघडून देऊ, असा साधा, सरळ, कपाटी विचार. एंटर दाबलं. मशीन बराच वेळ गप्प राहिलं. गप्प म्हणजे उत्तमच.

कुलूप ओढून बघायला म्हणून बाईंनी फाइलींची यादी मागितली.

परवानगी नाकारली.

वा. बाई खूश झाल्या. मग वेळ विचारली. परवानगी नाकारली. मी कोण, विचारलं. नाकारली. आता त्यांना जरा कसंसंच झालं. परवानगी परत द्यायची कमांड लिहिली.

परवानगी नाकारली.

बाईंनी मशीन बंद करायला सांगितलं, तर त्यालाही परवानगी नव्हती. शेवटी बटण दाबून बंद केलं, चालू केलं. हेडफोनचं ब्रह्मवाक्यही आज पडलं. मशीन उठलं नाही.

घरी आल्या आल्या त्यांनी लेकीला फोन लावला. लेक पूर्ण दोन मिनिटं हसली. यजमानांनी घड्याळ लावून मोजलं.

"आई, परवानगी देणारी कमांड हीसुद्धा एक फाइलच असते गं. तिला चालवायची परवानगीही तू काढून घेतलीस. म्हणजे तू गळ्यातली किल्ली पेटीत टाकलीस आणि पेटीला कुलूप लावलंस."

"मी असं कधी केलेलं नाही."

"आज केलंस. आता हेडफोननी ठेवलेल्या त्या पेनड्राइव्हवरून प्रणाली नव्याने बसवायची, आणि रेकॉर्ड तुझ्या डिस्कवरून परत आणायचं. डिस्क आहे ना?"

"तीन आहेत."

"एकदा तरी उघडून बघितलीस? परत आणून?"

एकोणीस कुलपं दोनदा ओढून बघणाऱ्या बाईंनी तीन डिस्का एकदाही ओढून पाहिल्या नव्हत्या.

"आई, मी सोमवारी दुपारपर्यंत मीटिंगमध्ये आहे. फोन उचलता येणार नाही."

रविवारी तळघर उघडायला अधीक्षकांची परवानगी लागे, आणि ती मागायची म्हणजे कारण सांगायचं. तेव्हा बाईंनी रविवारी सराव म्हणून घरचा लॅपटॉप दोनदा पुसून दोनदा उभा केला. यजमान वर्गात हजेरी घ्यायच्या आवाजात एकेक पायरी वाचत होते, आणि आजपर्यंत पहिल्यांदाच बाईंनी त्यांना आत बसायला सांगितलं नाही. तिकडे वॉर्डांनी सर्व्हरवाचून रविवार कागदावर काढला. कोणीही तक्रार केली नाही. हेडफोनच्या कारकिर्दीत सगळ्यांना तशी सवय होती.

सोमवारी सकाळी साडेआठला बाई तळघरात. अकरा वाजता प्रणाली बसली होती, खाती उघडली होती, रेकॉर्डचा प्रोग्राम उभा राहिला होता. पण आत रेकॉर्ड म्हणून एक ओळ नव्हती. नेमकं तेव्हा दार वाजलं. अधीक्षक, आणि त्यांच्यासोबत कंपनीचा माणूस. त्याचे बूट इतके चकचकीत होते की त्यांत ट्यूबलाइट फडफडताना दिसत होती.

त्याने पडद्यावर एक नजर टाकली. "हे तर रिकामं आहे."

"शनिवारी मीच बंद पाडलं," बाई म्हणाल्या. "सगळ्या परवानग्या काढून घेतल्या. माझ्यासकट."

कंपनीच्या माणसाचा चेहरा असा उजळला, की जणू त्याला कोणी बढतीच दिली. त्याने खुर्ची घेतली, पायावर पाय टाकला.

"म्हणजे परीक्षेआधीच नापास," अधीक्षक म्हणाले.

"आता परत आणते. बसा, साहेब."

बसा हा शब्द या रुग्णालयात पहिल्यांदाच उलट्या दिशेने गेला. अधीक्षक बसले.

बाईंनी शनिवारची डिस्क जोडली. कमांड लिहून झाल्यावर त्यांनी ती बोट ठेवून तीनदा वाचली. चांदणी कुठे आहे, मोकळी जागा कुठे आहे. मग एंटर.

पाच मिनिटं गेली. दहा गेली.

"काही होत नाहीये," कंपनीचा माणूस अधीक्षकांना म्हणाला, सहानुभूतीने.

"होतंय," बाई म्हणाल्या. "नसतं झालं तर बोललं असतं."

हे त्या त्याला सांगत होत्या की स्वतःला, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. डिस्कवर काही नसेल तर लाखभर माणसांचे गुडघे आपण घालवले, नि मग चादरी मोजायचीही लाज वाटेल. बेचाळिसाव्या मिनिटाला रेघ खालच्या ओळीवर येऊन लुकलुकू लागली. पडद्यावर एक अक्षर नाही.

"कोणाचंही नाव सांगा," बाई म्हणाल्या.

"जुनं सांगू?" अधीक्षकांना आता मजा वाटू लागली होती. "माझंच बघा. अकरा वर्षांपूर्वी इथेच अपेंडिक्स काढलं होतं."

बाईंनी शोधलं. फाइल उघडली. नाव, वय, रक्तगट, शस्त्रक्रियेची तारीख, आणि खाली त्या वेळच्या डॉक्टरांचा शेरा. तो कंपनीच्या माणसाने चष्मा सावरून मोठ्याने वाचला.

"रुग्ण सुईला फार घाबरतो. दोन वेळा खाटेवरून उतरून पळाला. परिचारिकेने हात धरून ठेवल्यावर इंजेक्शन देता आलं."

अधीक्षकांचे कान लाल झाले.

"हे कोणाकोणाला दिसतं?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"हेडफोनच्या वेळी सगळ्यांना दिसायचं. उपाहारगृहालासुद्धा. आता ज्याला परवानगी त्यालाच."

"आणि कंपनीकडे गेलं तर?"

कंपनीचा माणूस तत्परतेने पुढे झाला. "आमच्याकडे पूर्ण गोपनीयता असते, सर. फक्त आमची दीडशे माणसं..."

"दीडशे," अधीक्षक म्हणाले.

यानंतर निर्णय घ्यायला त्यांना फार वेळ लागला नाही. रुग्णांच्या खासगी बाबी संस्थेबाहेर जाता कामा नयेत, हे आपलं फार पूर्वीपासूनचं ठाम मत असल्याचं त्यांनी त्या पाच मिनिटांत शोधून काढलं. मशीन पडलं तरी ते उभं करणारं माणूस आपल्या घरात आहे, असंही म्हणाले. कंपनीच्या माणसाचे बूट जिना चढून गेले. तळघर बाईंचं राहिलं. त्यात बाईंच्या शिकण्याचा वाटा किती आणि अपेंडिक्सचा किती, हे बाईंना नेमकं कळत होतं. पण तीन महिने दर रविवारी ऐकलेले सुस्कारे आठवून त्यांनी अर्धाअर्धा हिशेब मान्य केला.

अधीक्षक मात्र जाईनात. दाराशी घुटमळले, परत आले.

"बाई, एक विचारू? तेवढी एक फाइल कोणालाच दिसू नये, असं करता येतं का?"

"येतं. तुम्ही आणि तुमचे डॉक्टर, एवढ्यांनाच दिसेल."

"मग करून टाका लगेच."

बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला, आणि टेबलावरचा एक कोरा कागद त्यांच्यापुढे सरकवला.

अधीक्षकांनी कागदाकडे पाहिलं, मग बाईंकडे. मग त्यांनी खिशातून पेन काढलं आणि टोपण उघडलं.

"कोणाच्या नावे लिहायचा?"

"माझ्या," बाई म्हणाल्या.